सीझन संपला, पैसे सेव्हिंगला ठेवू की एफडी?

गोव्यात कळंगुटच्या शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलात, काम करणाऱ्या पोराने विचारलं, सीझन मे मध्ये संपला, आता कॉलेज आणि पुढचं काम थेट ऑक्टोबरात, जमलेले 40 हजार कुठे ठेवू.

व्याजाचं आधी बघू. सेव्हिंगला अडीच टक्के धरले तर चार महिन्यांचे साधारण 333 रुपये, एफडीला साडेपाच धरले तर 733 च्या आसपास. फरक 400चा, एवढ्यासाठी डोकं लावायची गरज नाही रे बाबा.

खरा फरक हात लावण्यात आहे. सेव्हिंगचे पैसे यूपीआयमुळे कधी उडतात कळतच नाही, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक चक्कर मारली तरी हजार गेले. एफडी मोडायला निदान दोनदा विचार करतो माणूस. मोडली तर बरेचदा अर्धा-एक टक्का कापतात, आणि सात दिवसांच्या आत मोडली तर व्याजच नाही. म्हणून एकच मोठी करू नको, दहा-दहा हजारांच्या चार कर, लागली तर एकच मोडेल.

सेव्हिंगमध्ये एक भानगड मात्र बघ, पगाराचं खातं असेल तर काही महिने पगार न आल्यावर ते साधं होतं नि मिनिमम बॅलन्सचा दंड लागू शकतो, बँकेत विचारून घे.

सुरक्षेत दोन्ही सारखी, एका बँकेत 5 लाखांपर्यंत विमा. क्रेडिट सोसायटीत तो नाही, जास्त व्याज बघून जाऊ नको.

भाडं, फी दर महिन्याला जाणार असेल तर सेव्हिंगच. घरी राहतोस, हात सैल आहे, तर एफडी.