भोसरीतल्या सीएनसी शॉपमध्ये ६० केव्हीएचा यूपीएस: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर धातू कापणाऱ्या मशीनच्या कारखान्यात, ६० केव्हीएचा थ्री फेज ऑनलाइन यूपीएस (लाइट गेली तरी बॅटरीवरून वीज देत राहणारं यंत्र) बसवला, त्यावर आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊन झाला. खंडेनवमीला मशीनबरोबर त्यालाही झेंडूचा हार घातला आणि तो मनापासून घातला, कारण लाइटमुळे वाया गेलेले जॉब आता रिजेक्शनच्या ट्रेमध्ये क्वचितच दिसतात. शेजारचे कारखानदार बघायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या कंपनीचा घेतलात?" कंपनीचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नामांकित चार-पाच कंपन्यांपैकी कुणाचाही घ्या, या मापात आतलं तंत्र बरंचसं सारखंच असतं. यूपीएस कुठे ठेवला, त्यावर काय जोडलं आणि बॅटऱ्या किती गार ठेवल्या, यावर सगळं ठरतं. म्हणून लिहितोय ते त्याबद्दलच.

आधी गरज सांगतो. आमच्याकडे लाइट जाण्यापेक्षा लाइट झटका मारण्याचा त्रास जास्त होता. २२ केव्हीच्या फीडरवर कुठेतरी फांदी टेकते, दुसरीकडे कुणाचा तरी फॉल्ट होतो आणि अर्ध्या सेकंदासाठी व्होल्टेज खाली बसतं. ट्यूबलाइट फक्त लुकलुकते, पण मशीनच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर (विजेवर धरून राहणारा स्विच) तेवढ्यात सुटतो. बोअरिंग चालू असताना स्पिंडल थांबला की इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) जॉबमध्येच तुटतो, बोअरवर रेघ पडते आणि मशीन पुन्हा होमिंगपासून, म्हणजे शून्याची जागा शोधण्यापासून, सुरू करावं लागतं. वळवाच्या पावसात एप्रिल-मेमध्ये हे रोजचंच. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, याला काहीच करू शकत नाही. एएमएफ पॅनलने (लाइट गेली की डीजी आपोआप सुरू करणारं पॅनल) हुकूम देऊन डीजी लोड घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात आणि झटका तर त्याआधीच येऊन गेलेला असतो. म्हणून डबल कन्व्हर्जनवालाच यूपीएस हवा होता. यात मेन्सची वीज रेक्टिफायर डीसी करतो आणि इन्व्हर्टर ती पुन्हा एसी करतो; लोड कायम इन्व्हर्टरवर असतो, मेन्स गेली तरी बदली होण्याचा क्षणच येत नाही.

जागेवरून बरीच चर्चा झाली. विक्रेत्याच्या माणसाने ऑफिसवरचा पोटमाळा सुचवला होता, कारण तिथे जागा रिकामी आहे. मी ठाम नाही म्हणालो. १२ व्होल्ट ४२ एएचच्या ६४ बॅटऱ्या, एकेक चौदा किलोच्या घरातली, म्हणजे नऊशे किलोच्या आसपास नुसत्या बॅटऱ्याच. वर ट्रान्सफॉर्मरवाला यूपीएस वेगळा. आणि वर पत्र्याचं छत. मे महिन्यात दुपारी त्या माळ्यावर हात टेकवत नाही. शेवटी तळमजल्यावर, शॉपच्या उत्तरेच्या भिंतीला लागून विटांची छोटी खोली बांधली, वर स्लॅब टाकला आणि दार कूलंटच्या धुरापासून लांबच्या बाजूला काढलं. तेलकट वाफ आणि बीडाची काळी धूळ पंख्यातून आत ओढली जाऊन कार्डांवर बसली की पावसाळ्यातल्या दमटपणात तीच ट्रॅकिंगला, म्हणजे कार्डावरून वीज गळायला, निमंत्रण देते.

खोलीत दीड टनाचे दोन एसी टायमरवर आलटून-पालटून चालतात. हिशेब असा: लोड २८ किलोवॅट आणि कार्यक्षमता ९२ टक्क्यांच्या आसपास धरली, तर अडीच किलोवॅटच्या जवळपास उष्णता यूपीएसच खोलीत सोडतो. दीड टनाचा एसी पाच किलोवॅटच्या वर उचलतो, त्यामुळे एक पुरतो आणि दुसरा हाताशी राहतो. एसी यूपीएसवर नाहीत, डीजीवर आहेत. एवढा आग्रह बॅटरीसाठी. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि दर दहा अंश वाढीला ते जवळपास निम्मं होतं. पाच वर्षांची बॅटरी ३५ अंशांत ठेवली तर अडीच वर्षांत हात वर करते. एकूण खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा बॅटऱ्यांचा होता, तेव्हा एसीच्या बिलाची कुरकुर मी ऐकून घेतली नाही.

बॅटऱ्या ३२-३२ च्या दोन स्वतंत्र स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या माळांत) आहेत, प्रत्येकीला वेगळा डीसी एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर. एका मोठ्या स्ट्रिंगमध्ये स्वस्त पडलं असतं. पण मालिकेत जोडलेल्या बत्तीसपैकी एक जरी आतून ओपन झाली, तरी सगळी स्ट्रिंग मेली आणि ते कळतं नेमकं मेन्स गेल्यावर. दोन स्ट्रिंग असल्या की दुसरी निदान डीजी येईपर्यंत खिंड लढवते. एमसीसीबी डीसीच्याच रेटिंगचा आहे ना, हे स्वतः बघा. फ्लोटला, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या चार्जिंगला, बस (बॅटऱ्यांची डीसी लाइन) ४३२ व्होल्टवर उभी असते आणि एसीच्या ब्रेकरला तेवढ्या डीसीची ठिणगी विझवता येईलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल कोटेशन देणारे बोलतच नाहीत. सीएनसीचा लोड कॉम्प्युटरसारखा गुणी नसतो. स्पिंडल वेग घेताना दुप्पट करंट मागतो आणि ब्रेक लागला की मोटर जनरेटर होऊन वीज परत पाठवते. सरळ मेन्सवर असताना ती ग्रिडमध्ये जाते. यूपीएस मधे आला की तिला वाट उरत नाही, कारण थायरिस्टरचा रेक्टिफायर मागे काही सोडत नाही. मग ती इन्व्हर्टरमधून उलटी शिरून डीसी बस फुगवते आणि बस मर्यादेबाहेर गेली की यूपीएस ट्रिप मारून लोड बायपासला, म्हणजे सरळ मेन्सवर, टाकतो. आमची सरासरी ३० किलोवॅटच्या आतबाहेर असूनही ६० केव्हीए घेण्याचं कारण हेच. यूपीएसवर त्याच वेळी इतर मशीन चालू असतील तर परत आलेली वीज तीच खाऊन टाकतात.

कमिशनिंगच्या दिवशी मी इंजिनिअरला सांगितलं, सही करण्याआधी हे करून दाखवा. दोन टर्निंग सेंटरचे स्पिंडल चक रिकामा ठेवून ३००० आरपीएमला नेले, ऑपरेटर इमर्जन्सीवर हात ठेवून उभे, आणि "हाणा" म्हटल्याबरोबर दोघांनी एकदम दाबलं. डिस्प्लेवरचा आकडा ४३२ वरून ४४६ पर्यंत चढला, क्षणभर थांबला आणि उतरला. अलार्म नाही, बायपास नाही. ही चाचणी प्रत्येकाने करून घ्यावी, लोड बँकेवरची चाचणी कितीही चांगली झाली तरी. लोड बँक नुसती तापते, ती वीज परत देत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. कॉम्प्रेसर २० एचपीचा, त्याला यूपीएसवर घेणं म्हणजे पैसे जाळणं. पण कॉम्प्रेसर बंद पडला की हवेचं प्रेशर उतरतं आणि व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) "एअर प्रेशर लो" म्हणून थांबते, तिची वीज शाबूत असली तरी! टूल क्लॅम्पिंगला हवा लागतेच. म्हणून मशीनच्या हवेच्या लाइनला १००० लिटरची वेगळी टाकी आणि टाकीच्या अलीकडे, कॉम्प्रेसरच्या बाजूला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला. साफसफाईच्या हवेच्या गन त्या टाकीवर नाहीत. डीजी येऊन कॉम्प्रेसर उठेपर्यंत तेवढी हवा आरामात पुरते. यूपीएसवर आता मशीन, त्यांचे हायड्रॉलिक पॅक, कूलंट पंप, सीएमएम (जॉबची मापं तपासणारं मशीन) आणि सर्व्हर आहेत. क्रेन, कॉम्प्रेसर, चिप कन्व्हेयर, एसी बाहेर.

अर्थिंगला वेळ गेला. आपल्या पुण्याची जमीन म्हणजे हातभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. इलेक्ट्रोड ठोकून खाली जात नाही, बोअर मारावा लागला. यूपीएसच्या आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे न्यूट्रल तिथे नव्याने जन्मतो आणि तो अर्थला बांधावाच लागतो. न्यूट्रलचे दोन पिट (अर्थिंगचे खड्डे) वेगळे, बॉडीचे दोन वेगळे, आणि सगळे खाली पट्टीने एकमेकांना जोडलेले. न्यूट्रल आणि अर्थमध्ये भरल्या लोडला दीड व्होल्टच्या आत मिळालं. मे महिन्यात जमीन वाळून रेझिस्टन्स वाढतो, म्हणून उन्हाळ्यात पिटमध्ये पाणी घालण्याचं काम आमच्या वायरमन काकांनी अंगावर घेतलंय आणि ते कधी चुकत नाहीत. सीएमएमचं रीडिंग मधूनच उडायचं, ते या कामानंतर थांबलं. त्याचा यूपीएसपेक्षा अर्थिंगशीच संबंध असावा, असं माझं मत.

डीजीबरोबर मात्र सुरुवातीला जमत नव्हतं. दिवसा ठीक, पण रात्रपाळीत दोनच मशीन चालू असताना लाइट गेली की १२५ केव्हीएच्या डीजीचं व्होल्टेज वर चढायचं, यूपीएस त्याला नाकारायचा आणि बॅटरीवरच बसून राहायचा. सहा पल्सच्या रेक्टिफायरची हार्मोनिक्स (लाइनवर परत जाणारे वेडेवाकडे करंट) दाबायला इनपुटला कपॅसिटरवाला फिल्टर असतो. लोड कमी असला की तोच पॉवर फॅक्टर लीडिंग करतो (करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो) आणि डीजीचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) गोंधळतो. विक्रेत्याकडून सुरुवातीला "डीजी बदला" एवढंच उत्तर आलं. ते मला पटलं नाही, पाठपुरावा केला आणि अखेर त्यांच्या फॅक्टरीतून आलेल्या माणसाने हलक्या लोडला फिल्टर सोडणारा कॉन्टॅक्टर बसवून दिला. सोबत एएमएफ पॅनलमधून "डीजी चालू" असा सिग्नल यूपीएसला दिला, म्हणजे तेवढ्या वेळात बॅटरी चार्जिंग कमी होतं. तेव्हापासून डीजीची तक्रार नाही. बजेट जुळत असेल तर आयजीबीटी (वेगवान ट्रान्झिस्टरवाल्या) रेक्टिफायरचा विचार करा, ही भानगड त्यात फार कमी येते.

गुरुवारचं नीट समजून घ्या, कारण हे आपल्या भागातलंच आहे. गुरुवारी सुट्टी आणि महावितरणचं देखभालीचं शटडाउनही बऱ्याचदा त्याच दिवशी. शॉप रिकामं, लोड शून्य, तरी इन्व्हर्टर चालू ठेवला तर ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा खप चालूच राहतो. एएमएफ ऑटोवर असेल तर डीजी रिकाम्या शॉपसाठी डिझेल जाळतो, मॅन्युअलवर असेल तर बॅटरी तासन्‌तास थेंबथेंब रिकामी होते. हे हळूहळू रिकामं होणं वीस मिनिटांच्या दणक्यापेक्षा वाईट. कमी करंटला सेलचं व्होल्टेज उशिरा पडतं, त्यामुळे सेलमागे १.७५ व्होल्टच्या कटऑफपर्यंत (जिथे यूपीएस बॅटरी तोडतो) बॅटरी पार निथळलेली असते आणि तशीच राहिली की सल्फेशन (प्लेटांवर कडक थर) धरतं. आमचा नियम असा की बुधवारी शेवटची पाळी सुटताना सुपरवायझर लोड उतरवून इन्व्हर्टर बंद करतो आणि रेक्टिफायर चालू ठेवतो. चार्जिंग राहतं, खप राहत नाही.

गुरुवारीच तपासणीही होते. प्रत्येक बॅटरीचं फ्लोट व्होल्टेज मीटरने वहीत उतरवतो, साडेतेराच्या जवळ सगळ्या असायला हव्यात. जुलैमध्ये दुसऱ्या स्ट्रिंगमधली एक १२.९ दाखवायला लागली. पुढच्या डिस्चार्जमध्ये बाकीच्या साडेअकराच्या वर असताना ती साडेदहाच्या खाली गेली. वॉरंटीत बदलून मिळाली, आणि वहीतल्या नोंदी दाखवल्यामुळे वाद झाला नाही. लोडवर असताना थर्मल गनने लगही (केबलच्या टोकाचे जोड) तपासतो. एकदा सगळे लग ३८-४० अंशांवर आणि एकच ५८ वर सापडला. टॉर्क रेंच लावला तर नट पाव फेरा ढिला. असा लग पुढे वितळून आग लावू शकतो. काम इन्सुलेटेड हत्यारांनी आणि त्या स्ट्रिंगचा ब्रेकर पाडूनच करायचं, अंगठी-कडं बाहेर काढून.

मेंटेनन्स बायपासचं पॅनल बाहेरून वेगळं घ्या, यूपीएसच्या आतल्या स्विचवर भागवू नका. बाहेरचं असेल तर अख्खा यूपीएस काढून नेला तरी शॉप मेन्सवर चालतं. फक्त क्रम चुकता कामा नये. आधी इन्व्हर्टरवरून स्टॅटिक बायपासवर (यूपीएसच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक बायपासवर), तो आल्याचा दिवा बघायचा, मगच मेंटेनन्स बायपास टाकायचा. इन्व्हर्टर चालू असताना टाकला तर मेन्स आणि इन्व्हर्टर समोरासमोर भिडतात. आम्ही हा क्रम मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून, लॅमिनेट करून पॅनलच्या दारावर लावलाय आणि लॉकची चावी रोजच्या गुच्छात ठेवलेली नाही.

दोनच मशीन असलेल्यांनी माझ्या मते एवढं करू नये. ज्या मशीनवर महागाचा जॉब चालतो तिच्यापुरता छोटा यूपीएस आणि बाकीच्यांना सर्व्हो स्टॅबिलायझर पुरे. पाच-सहा मशीनच्या पुढे मात्र हिशेब बदलतो. ऑर्डर देताना दोन ओळी लिहून घ्या. पहिली, एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) पंखे आणि कपॅसिटर धरलेत का. पंखे तीन ते पाच वर्षांत आणि डीसी कपॅसिटर पाच ते सात वर्षांत बदलावे लागतात, आणि साध्या एएमसीत ते तुमच्या माथी येतात. दुसरी, जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा दर आणि जबाबदारी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या भंगारवाल्याला देता येत नाहीत, संकलन किंवा रिसायकलिंग करणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच जायला हव्यात, आणि ६४ बॅटऱ्यांचं शिसं एवढं असतं की पुढच्या सेटच्या किमतीत त्याचा चांगला आधार होतो.