ॲरिझोनातल्या रँचवर तीन रात्री: पोरं खूश, कूलर नापास

साडेतीन स्टार देतेय आणि तेही बराच विचार करून, कारण पहिल्या रात्री कुणी विचारलं असतं तर दीड दिला असता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो, चँडलरहून. आम्ही पाच जण: मी, नवरा, लेक आठ वर्षांची, मुलगा साडेपाच आणि भारतातून आलेल्या सासूबाई, ज्यांना एवढंच सांगितलं होतं की गुरं बघायला जायचंय. विलकॉक्सच्या पुढे सल्फर स्प्रिंग्ज व्हॅलीत आहे, शेवटचे अकरा मैल कच्चा रस्ता, छोटी गाडी असेल तर खालून दगड लागतात. रँचचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि माणसं चांगली आहेत. तीन रात्री, जेवणासकट ११४० डॉलर, वर साफसफाईचे ७५ जे पैसे भरताना एकदम शेवटच्या पानावर उगवले.

आधी कूलरचं घेते म्हणजे मोकळी होते. फोटोखाली 'थंड केबिन' लिहिलंय. प्रत्यक्षात आपल्याकडे वाळा लावलेला कूलर असतो ना, त्याचाच इथला चुलतभाऊ, स्वॉम्प कूलर. मे-जूनच्या कोरड्या हवेत मस्त चालत असणार, पण ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर मॉन्सून धरतात, हवा दमट झाली की त्यातलं पाणी वाळत नाही आणि मग तो नुसता ओला वारा अंगावर फेकतो, उशासुद्धा दमट. जागा चारेक हजार फूट उंचीवर आहे म्हणून रात्री दोननंतर जरा बरं वाटायचं, तोपर्यंत आम्ही व्हरांड्यात. दुसरं, बुकिंग करताना व्हेजिटेरियन लिहिलं होतं तरी पहिल्या दिवशी बीन्स डुकराच्या चरबीत शिजवलेले आले. मालकीणबाईंना सांगितल्यावर बिचाऱ्या खरंच ओशाळल्या, नंतर दोन्ही दिवस वेगळ्या भांड्यात केले, टॉर्टिया, अंडी, चीज, सालसा भरपूर, उपाशी कुणी राहिलं नाही. पाणी बोअरचं, जड, साबणाला फेस येत नाही. फोनला रेंज शून्य, ही तक्रार आहे की फायदा ते तुम्ही ठरवा.

आता ज्यासाठी गेलो ते. साइटवर 'मुलांसाठी ॲक्टिव्हिटीज' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि ते साफ खोटं आहे, ॲक्टिव्हिटी वगैरे तिथे काहीच नाही. मालकांची दोन मुलं आहेत, मुलगा अकराचा आणि मुलगी सातची, ती त्यांची रोजची कामं करत असतात आणि तुमची मुलं त्यांच्या मागे मागे फिरतात. बस, एवढंच. तुमच्या पोरांना कुणीतरी रमवेल अशी अपेक्षा असेल तर पैसे वाया जातील. आमचा मुलगा पहिला तासभर 'आता काय करायचं' असं दहा वेळा विचारत होता, आणि त्या सात वर्षांच्या पोरीने अकराव्यांदा त्याच्या हातात बादली दिली.

सकाळी साडेपाचला पाण्याची फेरी असते. हौद पाच ठिकाणी, एकमेकांपासून मैलोन्‌मैल लांब, पूर्वी पवनचक्क्या पाणी ओढायच्या, आता सोलर पंप. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, आणि या वाळवंटात दुसरीकडे कुठे पाणीच नाही, त्यामुळे एक हौद आटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर काय होईल हे त्या पोरांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. पिकअप अकरा वर्षांचा मुलगा चालवतो! सीटवर पाठीमागे दोन उशा घेऊन. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खासगी जमिनीवर लायसन्स लागत नाही म्हणे, आणि कामाचं म्हणाल तर आईवडिलांच्या स्वतःच्या शेतावर मुलांनी काम करण्याला इथल्या केंद्राच्या कायद्यात वयाची अट नाही. नवऱ्याने तरी त्याला 'किती वर्षं चालवतोयस' असं विचारलंच, तर तो अगदी शांतपणे म्हणाला, आठव्या वर्षापासून, पण आधी फक्त पहिल्या गिअरवर.

वाटेत फाटकं लागतात, ती उघडायचं काम शेजारच्या सीटवर बसलेल्याचं. नियम एकच, फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मी चांगुलपणा म्हणून एक उघडं फाटक लावून आले तर धाकटी मला न बोलता खाली उतरली आणि परत उघडून आली, कारण पलीकडच्या गुरांना अलीकडे पाण्यावर यायला तोच रस्ता होता. सात वर्षांच्या पोरीसमोर एवढी खजील मी कधी झाले नव्हते. तिसऱ्या हौदात पाणी उतरलेलं होतं. पोराने बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घातला, फ्लोटच्या (पाणी आपोआप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या चेंडूच्या) खाली शेवाळाचा गोळा अडकला होता तो काढला, पाणी सुरू झालं, मग त्याने हौदातली छोटी जाळीची उतरण नीट बसवली. ती कशाला, तर चिमण्या नि खारी पाण्यात पडल्या तर चढून बाहेर याव्यात म्हणून. खिशातली वही काढून तारीख आणि वेळ लिहिली. वडील तिथे नव्हतेच, संध्याकाळी जेवताना फक्त 'तीन नंबरला काय होतं' एवढं विचारलं.

सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. गोठ्याजवळ आई गेलेलं एक वासरू आहे, त्याला दिवसातून दोनदा दोन लिटरच्या बाटलीने पावडरचं दूध. आमचा मुलगा बाटली उंच धरायला लागला तशा आई लांबूनच ओरडल्या, 'अरे खाली धर, ठसका लागेल, दूध छातीत जाईल', आणि त्याच क्षणी त्या अमेरिकन पोरीनेही त्याचा हात धरून खाली केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पुढचे तीन दिवस त्या दोघी वासराला बरोबर दूध पाजत होत्या, आईंनी तिला वासराच्या तोंडात बोट घालून चोखायला कसं लावायचं ते दाखवलं, तिला ते आधीच येत होतं, तरी तिने पाहून घेतलं.

मुलांच्या सेफ्टीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: बूट घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, दगडाखाली हात घालायचा नाही, रॅटलस्नेक दिसला तर उभं राहून मागे सरकायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. रात्री यूव्ही टॉर्च देतात, विंचू त्या उजेडात हिरवे चमकतात, पोरांनी भिंतीवर चार मोजले, मी आत जाऊन गाद्या झटकल्या. चोया नावाचं निवडुंग आहे, नुसतं जवळून गेलं तरी त्याचा गोळा कपड्याला चिकटून येतो, बोटांनी काढायला गेलात तर बोटात. लेकीच्या पोटरीला लागला तेव्हा धाकटीने खिशातून मोठ्या दातांचा कंगवा काढला, गोळ्याखाली सरकवला आणि झटक्यात उडवला. तो कंगवा तिच्या खिशात कायम असतो, आपल्या मुलांच्या खिशात रुमाल असतो तसा (असायला हवा तसा). दम्याचा त्रास असेल तर धुळीच्या वाऱ्यात बाहेर पडू नका, या मातीत व्हॅली फीव्हरची (फुप्फुसांचा आजार) बुरशी असते. आणि हेल्मेट! घोड्यावर बसायला मुलांना हेल्मेट सक्तीचं, चांगलंच आहे, पण एकाच साइजची दोन हेल्मेटं, मुलाच्या डोक्यावर घमेल्यासारखं फिरत होतं, शेवटी त्याला बसूच दिलं नाही. पैसे मात्र पाचही जणांच्या राइडचे घेतलेले.

ती राइडही तशी अर्धीच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी इथे लख्ख ऊन, ढग लांब डोंगरावर चिरिकाव्हाच्या बाजूला. वाटेत एक कोरडा ओढा लागतो, वॉश म्हणतात, वाळूच वाळू. मालकांचा मुलगा थांबला, म्हणाला परत फिरायचं. मला कळेना का. दहा मिनिटांत आधी आवाज आला, मालगाडी यावी तसा, आणि मग चहाच्या रंगाचं पाणी काटक्या-कुटक्या पुढे ढकलत आलं, गुडघाभर, मग कमरेएवढं. आमच्या अंगावर एक थेंब नव्हता पडलेला. ॲरिझोनात पाणी भरलेल्या रस्त्यावरचा अडसर ओलांडून गाडी घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे, लोक त्याला उघड उघड मूर्ख ड्रायव्हरचा कायदा म्हणतात. राइडचे पैसे परत मागितले नाहीत, मागायला तोंडच नव्हतं. परतताना धाकटीने क्रिओसोटच्या झुडपाची फांदी तोडून लेकीच्या नाकाशी धरली आणि त्यावर हा करून तोंडाची वाफ सोड म्हणाली, आणि खरंच पावसाचा वास आला. ती फांदी आता आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आहे.

शाळेचं मी मुद्दाम विचारलं कारण मला तेच समजत नव्हतं. बस कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी सहा वाजून दहा मिनिटांनी येते, तिथपर्यंत आई सोडते, शाळा आठवड्यातून चारच दिवस, इथल्या बऱ्याच गावांत तसंच आहे. पूर्वी हेही नव्हतं. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर याच भागातल्या, डंकनजवळच्या लेझी बी रँचवर वाढलेल्या, १९३० चा जन्म, घरात वीज नि नळ त्या सातेक वर्षांच्या होईपर्यंत नव्हते आणि शाळेसाठी त्यांना एल पासोला आजीकडे पाठवलं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, माझ्याने नाही झालं असतं, रोज बावीस मैल गाडी चालवलेली परवडली. पैशाचंही त्या मोकळेपणाने बोलल्या. एवढी जमीन दिसते पण स्वतःच्या नावावर थोडीच, बाकी स्टेट आणि केंद्राची भाड्याने. केंद्राच्या जमिनीवर एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चारायचे २०२५ चे १.३५ डॉलर. मला वाटलं किती स्वस्त, तर त्या म्हणाल्या गवत कुठंय ते बघ आधी. म्हणूनच हे पाहुणे ठेवणं.

आता अवघड भाग, आणि आपल्यातल्या लोकांनी जायच्या आधी वाचावाच. ही मांसासाठी गुरं पाळणारी रँच आहे, ते काही लपवत नाहीत. अकरा वर्षांचा मुलगा ४-एच नावाच्या मुलांच्या संघटनेत आहे, तिथे मुलांनी स्वतः जनावर वाढवायचं, खाद्याचा सगळा खर्च वहीत लिहायचा आणि सप्टेंबरात डग्लसला काउंटीच्या जत्रेत दाखवून लिलावात विकायचं. त्याचा खच्ची केलेला गोऱ्हा आहे काळा, ११८० पौंड, म्हणजे ५३५ किलोच्या आसपास. रोज संध्याकाळी त्याला पाइपने आंघोळ, मग मोठ्या ड्रायरने वाळवणं, ब्रश, आणि दोरी धरून अंगणात चालायला शिकवणं. लेक दोन दिवस ब्रश मारत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, जत्रेनंतर हा कुठे जातो? मी मध्ये पडणार तेवढ्यात त्यानेच सांगितलं, सरळ, जसं आहे तसं. मागच्या वर्षी मी ट्रेलरच्या मागे बसून रडलो, या वर्षीही बहुतेक रडेन, असंही म्हणाला. लेकीने ब्रश खाली ठेवला. थोड्या वेळाने परत उचलला आणि उरलेली बाजू पूर्ण केली. गाडीत विलकॉक्स येईपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, आई, मग तो त्याला रोज आंघोळ का घालतो? माझ्याकडे उत्तर नव्हतं, सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, अगं आहे तोवर घालायलाच हवी ना.

हे तुमच्या मुलांना झेपणार नसेल तर जाऊ नका, किंवा लिलाव झाल्यावर जा. जायचंच असेल तर ऑक्टोबर बरा, कूलर लागणार नाही, ओढेही कोरडे. मुलांची हेल्मेटं घरून न्या, बीन्सचं आधी फोन करून पक्कं करा, चेक किंवा रोख ठेवा, कार्डाचं मशीन चालत नव्हतं. आमचं ऑक्टोबरचं बुकिंग झालंय, पण सासूबाई त्याआधीच जाऊ म्हणतायत, तोवर वासरू बाटली सोडेल म्हणून.