वायए (यंग अडल्ट) कादंबऱ्यांची प्री-ऑर्डर: कुठली डोळे झाकून करावी, कुठल्या वेळी हात आवरावा

प्री-ऑर्डर म्हणजे पुस्तक यायच्या आधीच ऑर्डर करून ठेवणं. आधी निकाल सांगते मग कारणं. ज्या सिरीजचा मागचा भाग जीव टांगणीला लावून संपलाय त्याचा पुढचा भाग प्री-ऑर्डर करा, विचारच करू नका. नव्या लेखकाची पहिली कादंबरी असेल तर फ्री सॅम्पल वाचा आणि आवडलं तर करा, तिथे तुमच्या एका ऑर्डरला खरंच वजन असतं. पण नुसतं कव्हर देखणं आहे आणि सगळे त्याच पुस्तकाबद्दल बोलतायत म्हणून करणार असाल तर थांबा, ते पुस्तक कुठे पळून जात नाही. सोय म्हणून प्री-ऑर्डरला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईलच.

मी यंग अडल्ट म्हणजे आपण ज्याला सरसकट वायए म्हणतो त्या कादंबऱ्या वाचते आणि जमवते. लेबलवर वय साधारण 12 ते 18 लिहिलेलं असतं पण वाचणाऱ्यांत मोठी माणसं भरपूर आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सोळा-सतरा वर्षांचं पात्र पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर काहीतरी ठरवतं, चुकतं, परत उभं राहतं, ते कुठल्याही वयात वाचलं तरी आत कुठेतरी लागतंच. आणि या प्रकारात सिरीज खूप असतात, दोन भाग, तीन भाग, कधी सात, त्यामुळे वाट बघणं हा वाचनाचाच एक भाग होऊन जातो. घोषणा होते, मग काही महिन्यांनी कव्हर रिव्हील, मग पहिलं प्रकरण वाचायला मिळतं, आणि तोवर आपण मागचा भाग परत वाचून कोण कुठे होतं, कोणाला काय माहिती होतं याची उजळणी करत बसतो. मला हा काळ मनापासून आवडतो. पुस्तक हातात पडल्यावर दोन रात्रींत संपतं पण त्याच्याबद्दल अंदाज बांधणं वर्षभर पुरतं.

आणि हा काळ किती ताणला जाईल याचा काही नेम नसतो. सुझान कॉलिन्सच्या हंगर गेम्स या वायए सिरीजचे पहिले तीन भाग 2008, 2009, 2010 असे दरवर्षी एक आले, वाचकांचं नशीब. त्यानंतर त्या जगातलं पुढचं पुस्तक थेट 2020 मध्ये, आणि त्याच्या पुढचं मार्च 2025 मध्ये. या शेवटच्याची घोषणा जून 2024 मध्ये झाली होती, म्हणजे घोषणा ते पुस्तक नऊएक महिने, आणि मोठ्या नावाच्या पुस्तकांना साधारण एवढा वेळ लागतोच. फिलिप पुलमनच्या बुक ऑफ डस्ट या फँटसी सिरीजचा दुसरा भाग ऑक्टोबर 2019 ला आला आणि तिसरा ऑक्टोबर 2025 ला, सहा वर्षं! (ते वायए आहे की नाही यावर भांडायला मी तयार आहे, पण माझ्या शेल्फवर ते वायएमध्येच आहे.) अशा वेळी प्री-ऑर्डरचा खरा फायदा म्हणजे तारीख लक्षात ठेवायची कटकट जाते. घोषणेच्या दिवशी बटन दाबायचं आणि विसरून जायचं.

आता नव्या लेखकाच्या बाबतीत वजन असतं म्हणाले ते असं. प्री-ऑर्डर तुम्ही सहा महिने आधी केली तरी तिची विक्री मोजली जाते प्रकाशनाच्या आठवड्यात, त्यामुळे महिनोन्‌महिने साठलेल्या सगळ्या ऑर्डरी त्या पहिल्या आठवड्यात एकदम दिसतात. बेस्टसेलर याद्या आठवड्याच्या विक्रीवर बनतात, म्हणून लेखक इतक्या कळकळीने प्री-ऑर्डर करा म्हणत असतात. शिवाय आगाऊ मागणी दिसली की दुकानं जास्त प्रती मागवतात, प्रकाशक पहिली छपाई वाढवायचा विचार करू शकतो. प्रसिद्ध लेखकाला माझ्या एका प्रतीने काही फरक पडत नाही पण पहिली कादंबरी येतीये आणि ट्रिलॉजीचा दुसरा भाग पहिल्याच्या खपावर ठरणार आहे अशा लेखकाला पडतो. अर्धवट सोडून दिलेली सिरीज ज्याने वाचलीये त्याला हे वेगळं सांगायला नको.

हां, आणि अमेरिकेत नवी पुस्तकं बहुतेक मंगळवारी येतात, ब्रिटनमध्ये गुरुवारी. एकाच पुस्तकाच्या दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका, दोन वेगळ्या एडिशन असतात, कव्हरही बऱ्याचदा वेगळं असतं.

आणि इथेच जमवणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो, एडिशनचा. नुसतं वाचायचं असेल तर हा भाग सोडून द्या, पण शेल्फवर सिरीज एकसारखी दिसायला हवी असेल तर ऑर्डर करताना पुस्तकाचं नाव बघू नका, आयएसबीएन बघा. प्रत्येक एडिशनला दिलेला 13 आकडी नंबर असतो, हार्डकव्हरचा वेगळा, पेपरबॅकचा वेगळा, ब्रिटिश एडिशनचा वेगळा, अमेरिकनचा वेगळा. दुकानांच्या साइटवर हे सगळे फॉरमॅट एकाच पानावर कोंबलेले असतात आणि कव्हरचा फोटो भलत्याच एडिशनचा लावलेला असतो. त्यात अमेरिकन पद्धत अशी की आधी हार्डकव्हर येतं आणि पेपरबॅक साधारण वर्षभराने, ब्रिटनमध्ये मात्र बरीच वायए पुस्तकं थेट पेपरबॅकमध्ये येतात. म्हणजे तुम्ही पहिला भाग अमेरिकन पेपरबॅकमध्ये घेतला असेल आणि दुसरा आल्या आल्या हवा असेल तर तुमच्यापुढे दोनच रस्ते, एक तर वर्षभर थांबा नाहीतर शेल्फवर उंच-बुटकी जोडी चालवून घ्या. मी सिरीजच्या पहिल्या भागापाशीच ठरवून टाकते, ही हार्डकव्हरमध्ये जमवायची की पेपरबॅकमध्ये, आणि मग शेवटपर्यंत त्यालाच चिकटून राहते.

त्यातूनही एक गोष्ट आपल्या हातात नसते, ती म्हणजे मधेच कव्हर बदलणं. पहिले दोन भाग एका डिझाइनमध्ये आणि तिसऱ्यापासून सगळं नवं, कारण मार्केटिंगवाल्यांना जुनं जुनाट वाटायला लागतं. याचा मला खूप राग येतो, ज्या वाचकांनी पहिल्या दिवसापासून साथ दिली त्यांचीच शेल्फ बेढब होते. काही प्रकाशक शेवटचा भाग जुन्या डिझाइनमध्येही काढतात, त्यांचं मनापासून कौतुक.

आता कापलेला स्टार. प्री-ऑर्डर घेणारी दुकानं तारीख पुढे गेली की नीट कळवत नाहीत. तारखा पुढे जाणं स्वतःत गैर नाही, 2020 आणि 2021 मध्ये तर छपाई, कागद, जहाजं सगळंच अडकलं होतं आणि कितीतरी पुस्तकं लांबली, एरवीसुद्धा लेखकाला एडिटसाठी वेळ हवा असेल तर मी आनंदाने थांबेन, घाईत उरकलेला शेवट नको. पण एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने माझी ऑर्डर तारीख बदलल्यावर गुपचूप रद्द केली, पैसे परत आले तेव्हा कळलं, आणि तोवर पहिल्या छपाईच्या प्रती संपल्या होत्या. दुसरीकडून आलेलं हार्डकव्हर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं, कोपरा पूर्ण चेपलेला, डस्ट जॅकेट (वरचं सुटं कागदी वेष्टण) फाटलेलं. बदलून दिलं, तक्रार नाही, पण बदलून आलेली प्रत दुसऱ्या छपाईची होती आणि तिच्या पानांना रंगीत कडा नव्हत्या. पहिल्या छपाईसाठीच तर आधी पैसे भरलेले! म्हणून माझं मत असं की जिथे माणूस फोन उचलतो अशा छोट्या स्वतंत्र पुस्तकाच्या दुकानातून प्री-ऑर्डर करता येत असेल तर तिथूनच करा. मोठ्या साइटवर सवलत जास्त असते, काही ठिकाणी ऑर्डर केल्यापासून प्रकाशनापर्यंत भाव उतरला तर कमी भाव लागतो, ही सोय चांगलीच आहे, पण पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट बांधून पाठवतो तो दुकानदार मला जास्त मोलाचा वाटतो.

छपाई कितवी ते ओळखायचं कसं तर कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची एक ओळ असते, 10 पासून 1 पर्यंत किंवा वेगळ्या क्रमाने, त्यात सगळ्यात लहान आकडा कोणता दिसतो ते बघा, 1 असेल तर सहसा पहिली छपाई, 1 गायब आणि 2 पासून सुरू असेल तर दुसरी.

प्री-ऑर्डरवर मिळणाऱ्या भेटी हा वेगळाच मोह. पावतीचा फोटो अपलोड करा, पात्रांची चित्रं, नकाशा, बुकमार्क, सही केलेलं बुकप्लेट मिळवा. यात अटी नीट वाचा कारण बऱ्याचदा हे ठरावीक देशांपुरतंच असतं आणि मुदत प्रकाशनाच्या आदल्या दिवशी संपते, पावती मात्र जपून ठेवा कारण घोषणा उशिरा झाली तरी आधीच्या ऑर्डरी सहसा चालतात. सहीबद्दल सांगायचं तर बुकप्लेट म्हणजे सही केलेला स्टिकर, तो आपण चिकटवायचा. काही प्रतींमध्ये सही केलेलं सुटं पान बांधणीच्या वेळीच पुस्तकात घातलेलं असतं, लेखक हजारो कोऱ्या पानांवर सह्या करून ते गठ्ठे छापखान्यात पाठवतो. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो, पान पुस्तकाचंच होऊन जातं. पण खरं सांगायचं तर लेखकाने समोर बसून नाव विचारून केलेली सही मिळाली तर बाकी सगळं बाजूला.

दर महिन्याला स्पेशल एडिशन पाठवणाऱ्या सबस्क्रिप्शन बॉक्सबद्दल खूप जण विचारतात. रंगवलेल्या कडा, कव्हरखाली सोनेरी नक्षी, आतल्या बाजूला चित्रं, दिसायला अप्रतिम असतात, हातात घेतल्यावर मन भरून येतं. पण तिथे पुस्तक ते निवडतात, आपण नाही. आठवणीत राहावी अशी पुस्तकं मला त्यातून मिळालीयेत आणि एकदाही न उघडलेलीही आहेत. सिरीजचा पहिला भाग त्यांनी दिला तर पुढचे भाग त्याच रूपात देतील याची खात्री नाही, आणि दिले तरी सबस्क्रिप्शन मधे बंद केलेल्याला मिळायची मारामार. म्हणून माझा सल्ला, महिना स्किप करता येत असेल आणि पुस्तकाचा अंदाज आधी देत असतील तरच घ्या.

पुढे काय येतंय हे शोधायला मी गुडरीड्स या वाचकांच्या साइटवरचं वॉन्ट टू रीड शेल्फ वापरते, आवडत्या लेखकाला फॉलो केलं की नवं पुस्तक लिस्ट झाल्या झाल्या दिसतं. स्टोरीग्राफ या तशाच साइटवर पुस्तकाचा मूड, वेग आणि कंटेंट वॉर्निंग दिसतात आणि वायएमध्ये याचा खूप उपयोग होतो कारण गोड कव्हरच्या आत कधीकधी फार जड विषय असतो आणि आपली त्या दिवशी तयारी नसते. नवे लेखक हवे असतील तर अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेचा मॉरिस अवॉर्ड बघा, 2009 पासून दिला जातो, फक्त पहिल्या वायए पुस्तकासाठी असतो, पाच फायनलिस्ट डिसेंबरमध्ये जाहीर होतात आणि मला ती यादी कुठल्याही ट्रेंडिंग यादीपेक्षा भरवशाची वाटते. प्रिंट्झ अवॉर्ड 2000 पासूनचा, तो वर्षातल्या उत्कृष्ट वायए पुस्तकाला, जानेवारीत.

प्रकाशनाआधीच्या वाचन प्रती, ज्यांना सगळे एआरसी म्हणतात, त्या नेटगॅली या साइटवर डिजिटल रूपात मागता येतात. मिळाली तर प्रामाणिक रिव्ह्यू लिहा, पण ती कच्ची प्रत असते, वाक्यं बदलू शकतात, म्हणून त्यातलं काही छापील पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय कुठे कोट करू नका. छापील एआरसीवर विक्रीसाठी नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं तरी लोक त्या चढ्या भावाने विकतात, प्लीज घेऊ नका, लेखकाला त्यातून काहीच मिळत नाही.

जमवलेलं टिकवायचं म्हणजे फार काही नाही, थेट ऊन नको कारण पुस्तकांचे कणे (शेल्फवर दिसणारी पाठ) फिके पडतात आणि लाल-गुलाबी रंग सगळ्यात आधी उडतात, दमट भिंतीला शेल्फ टेकवू नका, हार्डकव्हर वाचताना जॅकेट काढून ठेवा. मी जॅकेटला लायब्ररीवाले घालतात तसं पारदर्शक कव्हर घालते, प्रती नव्यासारख्या राहतात आणि मैत्रिणींना वाचायला देताना जीव खालीवर होत नाही.

आणि बजेट कमी असेल तर लायब्ररीला पुस्तक घ्यायची विनंती करा, प्रकाशनाच्या दोन-तीन महिने आधी केली तर बरं, तिथली खरेदीही विक्रीच असते आणि ती प्रत पुढे कितीतरी जण वाचतात. सिरीज अजून सुरूच केली नसेल आणि पुढच्या वर्षी शेवटचा भाग येणार असेल तर सुटे भाग आत्ता घेऊ नका, गाजलेल्या सिरीजचा बॉक्स सेट बऱ्याचदा शेवटच्या भागाच्या आगेमागेच येतो, सगळे एका मापाचे, एका डिझाइनचे, आणि सलग वाचता येतात.