डोनेपेझिलची गोळी की रिव्हास्टिग्मिनचा पॅच?

अल्झायमर झालेल्या माणसासाठी ‘गोळी द्या किंवा पॅच लावा, दोन्ही चालेल’ असे डॉक्टरांनी म्हटले, की घरच्यांची पंचाईत होते. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी आप्पांना आधी आठ महिने रिव्हास्टिग्मिनचा पॅच, म्हणजे त्वचेतून औषध देणारी चिकटपट्टी, लावला. नंतर डॉक्टरांच्या संमतीने डोनेपेझिलची गोळी सुरू केली.

मेंदूतील पेशींचे निरोप पोहोचवणारे असेटिलकोलीन हे रसायन मोडणाऱ्या कोलिनएस्टरेज या विकराला आवर घालणे, हे दोन्ही औषधांचे काम. (आंब्यावर फवारल्या जाणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचा रोखही याच विकरावर असतो, हे कळल्यावर आमच्या बागायतदार घरात जरा घबराट झाली होती.) रिव्हास्टिग्मिन ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या त्याच्या भावंड विकरालाही रोखते, डोनेपेझिल जवळजवळ नाही, आप्पांच्या वागण्यात मात्र मला तो फरक दिसला नाही. मूळ आजार दोन्हींनी थांबत नाही.

पॅचची बाजू लंगडी नाही. रिव्हास्टिग्मिनच्या कॅप्सूलने होणारी मळमळ आणि उलट्या ९.५ मिलिग्रॅमच्या पॅचमुळे सुमारे एक-तृतीयांशावर येतात, असे चाचण्यांत दिसले आहे. ज्यांना गिळणे जड जाते किंवा ज्यांचा स्मृतिभ्रंश पार्किन्सनमुळे आहे, त्यांनी आधी याचाच विचार करावा.

आमचे घोडे अडले ते चिकटण्यावर. पॅच कोरड्या, तेल न लावलेल्या त्वचेवर लावायचा आणि त्याच जागी पुन्हा १४ दिवस लावायचा नाही. वैशाखात आमच्याकडे आंघोळीनंतर अंग पुसेपर्यंत पुन्हा घाम येतो, आणि खोबरेल चोपडल्याशिवाय आप्पांना आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. दुपारी पॅच कधी पंचाला, कधी उशीच्या अभ्र्याला चिकटलेला सापडे. तो सकाळी दहाला सुटला की दोनला, म्हणजे औषध अंगात गेले किती, हे आप्पा सांगू शकत नव्हते आणि आम्हालाही कळत नव्हते. एकदा नवा लावताना जुना खांद्यामागे तसाच राहिला आणि रात्रभर उलट्या झाल्या; चूक आमचीच होती, पण ती पुन्हा होणार नाही याची खात्री मला कधीच वाटली नाही.

गोळीचेही चोचले आहेत. पहिला पंधरवडा पोट बिघडले. रात्री दिल्यास आप्पा स्वप्नांनी दचकून उठत, म्हणून डॉक्टरांनी ती सकाळी द्यायला सांगितली. नाडी मंदावू शकते, तेव्हा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी ईसीजी काढून घेतलेला बरा. मात्र डोनेपेझिल अंगातून निम्मे उतरायला सुमारे ७० तास लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही. पॅचमध्ये तीन दिवसांहून अधिक खंड पडला, तर पुन्हा ४.६ मिलिग्रॅमच्या सुरुवातीच्या मात्रेपासून सुरुवात करावी लागते. पावसाळ्यात तालुक्याच्या दुकानातून औषध वेळेवर येईलच असे नसते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

कोरड्या हवेच्या गावी मी कदाचित पॅचच ठेवला असता. इथे सकाळच्या पेजेबरोबर गोळी पोटात गेली की गेली, आणि आप्पांचे खोबरेलही पुन्हा सुरू झाले आहे.