मांजराचं खानदान सांगणारं ॲप: मजा म्हणून ठीक, पैसे भरू नका बाप्पा

दोन स्टार देऊन राहिले, तेही सोसायटीतल्या पोट्ट्यांची करमणूक झाली म्हणून. फोटो टाका आणि मांजरात कोणतं ब्रीड किती टक्के ते पाहा, असा या ॲपचा दावा. आमची चिमी नागपूरच्या मनीष नगरमधल्या पार्किंगमधली, आई साधी गावठी काळी-पांढरी, बाप कोण ते देवालाच माहीत. अंग सायीच्या रंगाचं, कान-तोंड-शेपूट गडद, डोळे निळे. ॲप म्हणे सियामीज. रात्री ट्यूबलाईटखाली फोटो काढला तर बर्मन झाली, ब्लँकेटवर फुगून बसलेली टाकली तर रॅगडॉल, एका मांजरीला किती बाप लावता भाऊ?

ॲपला फक्त रंग अन् केस दिसतात, खानदान नाही. हा सियामीजवाला रंग एकाच जीनचा खेळ आहे, आई आणि बाप दोघांकडून तो आला की पिल्लू तसं निघते, मग आईबाप दोघंही दिसायला साधे का असेनात. त्यात तो रंग गरमीवर चालतो, अंगाचा जो भाग थंड तिथेच गडद होतो, म्हणून अशी पिल्लं जन्मतात तेव्हा जवळपास पांढरी असतात. चिमीचं नसबंदीचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, केस काढले होते तिथे नवीन केस चांगले गडद आले, आणि ॲपने त्या डागावरून लगेच तिला कॅलिको, म्हणजे तीन रंगांची, करून टाकलं! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा हे काय सांगेल कोणास ठाऊक.

लांब केसांचंही तेच, आखूड केसांच्या आईबापाला लांब केसांचं पिल्लू होऊ शकते, त्यासाठी पर्शियन आजोबा लागत नाही. राखाडी मांजर दिसली की लगेच रशियन ब्लू होत नाही, आणि कपाळावरचा एम तर पट्ट्यापट्ट्यांच्या कोणत्याही मांजरीला असतो. मुळात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधला तो गाजलेला कॅट शो १८७१ चा, आजची बहुतेक ब्रीडं त्यानंतरच माणसांनी निवडून निवडून बनवली, मग आपली गावठी मांजर त्यांचं मिक्स काहून राहील? मिक्स ब्रीड कुत्र्यांचा हिशोब इथे लावू नका.

राग याचा की पिल्लं विकणारे काही लोक याच ॲपचा स्क्रीनशॉट दाखवून 'सियामीज मिक्स' म्हणून हजारो रुपये मागून राहिले. पेडिग्रीचा, म्हणजे खानदानाचा, कागद मागा, नसला तर ते मांजर देशीच, आणि तशी पिल्लं फुकटात मिळतात. डीएनए टेस्टही त्या कंपनीकडे तुलनेला जी सॅम्पलं असतील तेवढ्यापुरतीच बोलते. आमच्या धरमपेठच्या डॉक्टरांनी लसीच्या कार्डावर सरळ डीएसएच लिहिलं, म्हणजे डोमेस्टिक शॉर्टहेअर, आखूड केसांची साधी घरगुती मांजर, विषय संपला.

आणि हो, फ्री ट्रायल घेतली असेल तर ॲप नुसतं डिलीट करून भागत नाही, आधी प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करा, नाहीतर पैसे कटत राहतात.