43 इंची स्मार्ट टीव्ही, आठ महिन्यांनंतर: चित्र उत्तम, सर्व्हिस वाईट, आणि रिमोटवरची ती पट्टी

चित्र-आवाजाबद्दल तक्रार नाही. नौपाड्यातल्या आमच्या छोट्या हॉलला 43 इंच पुरतो. मला लिहायचंय ते रिमोटबद्दल.

जानेवारीत सासूबाई गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल टीव्हीसमोर बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी सिनेमाच्या आधी तशाच पट्ट्याची जाहिरात आली. त्यात फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरत होताच, की स्ट्रीमिंगवाले रिमोटच्या माइकमधून घरातलं बोलणं ऐकतात. आईंनी त्याच संध्याकाळी माइकच्या टाचणीएवढ्या भोकावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली. मला तेव्हा ते पटलं, हे खरं सांगते.

मे महिन्यात माइकचं बटण दबलं ते वर येईना. तक्रार केली. चार फोन झाले, दोनदा वेळ देऊन कुणी आलं नाही. शेवटी आलेल्या माणसाने रिमोट उघडलाही नाही. "मॅडम, या स्ट्रीमिंगच्या साइट टीव्ही हॅक करतात, हे 1,499चं सुरक्षा पॅकेज घ्या." वॉरंटीत असूनही व्हिजिटचे 450 मागितले. मी म्हटलं, दादा, हॅक झालंय हे मला दाखवा, आत्ता पैसे देते. दाखवण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं. मी पावती मागितली तेव्हा तो उठला.

नंतर भाच्याने रिमोट उघडला. पट्टीचा गोंद उन्हाळ्यात पातळ होऊन बटणाच्या कडेने आत गेला होता, त्यावर हळदीची पिवळी घाण बसली होती. कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून पुसलं. बटण चालू.

तेव्हापासून मी याच्या मागेच लागले. रिमोटचे दोन बारीक सेल आठ महिन्यांत एकदाही बदललेले नाहीत. दिवसभर आवाज पाठवत बसला असता तर काही दिवसांतच संपले असते. बोलण्याचा डेटा आकसवून सेकंदाला 16 किलोबिटवर आणला तरी तासाला 7 एमबी होतात, दिवसाला 170च्या आसपास. राउटरच्या अॅपमध्ये दहा दिवस पाहिलं, टीव्हीचा रात्रभराचा अपलोड 6 एमबीच्या वर गेला नाही. आठवडाभर आम्ही टीव्हीसमोर उंटाच्या खोगिराबद्दल मोठ्याने बोललो. एकही जाहिरात नाही. दीर म्हणाले, टीव्ही आतल्या आत शब्द ओळखून तेवढेच पाठवत असेल तर? असू शकतं, पण मग पाठवतोय हे कुणीतरी पकडून दाखवायला हवं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने 17,260 अँड्रॉइड अॅप तपासली होती. चोरून आवाज पाठवल्याचा पुरावा मिळाला नाही. काही अॅप स्क्रीनचं चित्रण बाहेर पाठवताना मात्र सापडली. ती फोनची तपासणी होती, टीव्हीची नव्हे, पण शोधायचं कसं ते त्यातून कळतं.

आणि तो पट्टा? सासूबाई बोलल्या त्याच रात्री आमच्या यांनी फोनवर तो शोधला होता. फोन त्याच वायफायवर, खातंही टीव्हीवरचंच. एवढं सरळ कारण घरात असताना आम्ही रिमोटवर पट्टी लावून बसलो.

हे शोधताना मात्र टीव्हीबद्दलचं माझं मत खाली आलं. सेटिंगमध्ये, चार मेनू आत, "पाहण्याची माहिती" नावाचा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू होता. त्याने टीव्ही पडद्यावरचं चित्र ओळखतो, मग ते सेट टॉप बॉक्सवरून येवो की पेन ड्राइव्हवरून. याच प्रकारासाठी 2017 मध्ये अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीला 22 लाख डॉलर भरावे लागले. 1 कोटी 10 लाख टीव्हींवरून लोक काय पाहतात ते परवानगीशिवाय गोळा केलं, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. स्ट्रीमिंगवाले आपण काय पाहतो याची नोंद ठेवतात हेही उघड आहे. डिसेंबर 2017 मध्ये नेटफ्लिक्सने स्वतःच ट्विट केलं होतं की एक नाताळचा सिनेमा 53 जण सलग 18 दिवस रोज पाहतायत.

मला राग येतो तो याचा, की जे कागदावर आहे आणि बंद करता येतं त्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही. ज्याला पुरावा नाही त्या भीतीवर तो सर्व्हिसवाला माझ्याकडून 1,499 घेऊन जाणार होता. त्याच्या हाताला आमच्या बिल्डिंगमधले एकटे राहणारे आजी-आजोबा लागले असते तर?

तो पर्याय मी बंद केला, चित्रात काही फरक पडला नाही. आईंना राउटरचे आकडे दाखवले. त्यांनी पट्टी काढू दिली, पण रात्री रिमोट अजून ड्रॉवरमध्ये ठेवतात. ठेवू देत. टीव्हीला पाचपैकी साडेतीन, सर्व्हिसला शून्य. 450ची लेखी तक्रार केली आहे, उत्तर आलेलं नाही.