क्रांतिक मूल्य कुठून काढायचं: छापील तक्ता, एक्सेल की आर?

अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या भरणारं मशीन घ्या. कमी भरलं तर गिऱ्हाईक भांडणार, जास्त भरलं तर डेअरीला फटका. म्हणजे चाचणी दोन्ही टोकांची, टू-टेल्ड. समजा, दहा पिशव्या मोजल्या: सरासरी ४९६ मिली, प्रमाण विचलन ६ मिली. टी, म्हणजे सरासरी ५०० मिलीपासून किती दूर गेली याचं चाचणीतलं माप, येतो उणे २.११. अल्फा, म्हणजे ठीक मशीनला चुकून दोषी ठरवण्याची आपण पत्करलेली शक्यता, ०.०५. आता हा आकडा ताडायचा कशाशी? ज्या सीमेपलीकडे गेला की मशीन दोषी, त्या सीमेशी, म्हणजेच क्रांतिक मूल्याशी.

पाठ असलेल्या १.९६ शी ताडलंत तर मशीन दोषी ठरतं. पण १.९६ हे झेडचं, म्हणजे मोठ्या नमुन्याला चालणाऱ्या नॉर्मल वितरणाचं मूल्य. नमुना लहान असला की ते चालत नाही, हे डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्येच, 'स्टुडंट' या टोपणनावाने, मांडलं होतं. इथे हवा टी, स्वातंत्र्य मात्रा (पिशव्यांची संख्या वजा एक) ९.

परीक्षेत छापील तक्त्याला पर्याय नाही. धोका मथळ्यात असतो. तक्ता एका टोकाचा असेल तर ०.०५ च्या रकान्यात १.८३३ मिळतं, तुम्हाला हवं २.२६२, ते ०.०२५ खाली असतं. रकाना बरोबर आहे का, हे पाहायचं तर सरळ तळाच्या अनंताच्या ओळीवर जा. तिथे १.९६ दिसलं की निर्धास्त व्हा. बऱ्याच तक्त्यांत ३० नंतर एकदम ४० येतं. मात्रा ३५ असेल तर ३० चं २.०४२ घ्या. खरं मूल्य २.०३० आहे, पण चूक सावध बाजूला होते.

एक्सेलमध्ये गोची एका टिंबाची आहे. जुनं 'टीइन्व्ह' दोन टोकांचं, तर नवं 'टी.इन्व्ह' डाव्या टोकाचं. दोन्हींत ०.०५ आणि ९ घाला: पहिलं २.२६२ देतं, दुसरं उणे १.८३३. जुन्या फाइलीतलं सूत्र 'सुधारताना' नेमकं हेच होतं. म्हणून डोळे झाकून 'टी.इन्व्ह.२टी' वापरा. झेडसाठी मात्र असं २टी फंक्शन नाही, 'नॉर्म.एस.इन्व्ह'ला ०.९७५ स्वतःच द्यावं लागतं.

आर या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत अल्फा अर्धा करण्याचं काम कायम तुमच्याच गळ्यात: क्यूटी(०.९७५, ९). मला हीच त्याची जमेची बाजू वाटते, कारण डोकं चालवावंच लागतं. शिवाय दोन गटांच्या सरासरी ताडणाऱ्या वेल्च चाचणीत मात्रा १३.७ अशी अपूर्णांकात आली तरी आर ती तशीच घेतं. एक्सेल दशांश छाटून १३ करतं.

एखाद-दुसरी चाचणी असेल तर एक्सेल पुरे. प्रबंध लिहीत असाल तर आर घ्या. गाईडने सहा महिन्यांनी 'हे २.२६२ कुठून आलं?' विचारलं, तर दाखवायला स्क्रिप्टची ओळ तरी असते. आपल्या दुधाच्या मशीनचं म्हणाल, तर २.११ हे २.२६२ च्या आतच राहिलं. दहा पिशव्यांवरून त्याला दोषी धरता येत नाही.